वृद्ध माणूस समोरच्याची नक्कल करू लागतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासरे ७१ वर्षांचे. वर्षभरापासून बोलणं कमी झालं, कट्ट्यावर जाणं बंद झालं. गेल्या चार-पाच महिन्यांत समोरचा जे करेल ते करू लागलेत. सासूबाईंनी डोकं खाजवलं की तेही खाजवतात, कुणी हाताची घडी घातली की घालतात. "चहा घेणार का?" विचारलं की "चहा घेणार का" एवढंच म्हणतात. सासूबाईंना वाटतं मुद्दाम वेडावतात. सातवीतला नातू हसतो. एका डॉक्टरांनी वय झालं म्हटलं, दुसऱ्यांनी डिप्रेशन. हे नक्की काय आहे आणि दर वेळी त्यांना टोकायचं का?

सगळ्यात आधी सासूबाईंसाठी: ते वेडावत नाहीयेत. वेडावून दाखवणाऱ्याचं लक्ष समोरच्याच्या चेहऱ्याकडे असतं, त्याला तुम्ही चिडलेलं बघायचं असतं आणि तो मूळ हालचाल वाढवून, वाकडी करून दाखवतो. तुम्ही सांगता त्या प्रकारात हालचाल जशीच्या तशी होते, चेहऱ्यावर खोडकरपणा नसतो आणि "असं का केलंत?" विचारलं तर बहुतेक वेळा "मला वाटलं करायचंय" किंवा नुसतं "असंच" असं उत्तर येतं. हे उत्तर खरं असतं. त्यावर भांडू नका.

दुसऱ्याची हालचाल पाहिली की तीच करण्याची तयारी आपल्या सगळ्यांच्याच मेंदूत होत असते. समोरच्याची जांभई आपल्याला येते, हे त्याचं रोजचं रूप. कपाळामागचा मेंदूचा भाग, फ्रंटल लोब, ही तयारी तिथल्या तिथे थोपवतो. तो भाग कमजोर झाला की थोपवणं संपतं आणि डोळ्यांना दिसलेलं थेट हातात उतरतं. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ फ्रान्स्वा लेर्मित यांनी १९८०च्या दशकात हे नीट मांडलं. त्यांनी याच्या जोडीचा आणखी एक प्रकार दाखवला: समोर वस्तू दिसली की कुणी न सांगता ती उचलून वापरायला लागणं. असे रुग्ण हाती आलेला चष्मा डोळ्यांवर आधीच चष्मा असताना त्यावर चढवतात. म्हणून घरी हेही बघा: टेबलावर कंगवा दिसला की केस विंचरतात का, दुसऱ्याचा कप दिसला की उचलून पितात का, दिव्याचं बटण दिसलं की दाबतात का. दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर डॉक्टरांना दोन्ही सांगायला हव्यात.

बोलण्याच्या नकलेबद्दल मराठीत एक सोय आहे, तिचा उपयोग करा. "जेवलात का?" या प्रश्नाला "जेवलात का" असंच उत्तर आलं तर तो शुद्ध प्रतिध्वनी. पण "जेवलो का..." असं आलं, म्हणजे क्रियापद स्वतःकडे वळवलं, तर प्रश्न आत पोचलाय आणि निदान व्याकरण तरी काम करतंय. दोन्हींत खूप फरक आहे. आणि तिसरी शक्यता विसरू नका: कमी ऐकू येणारी किंवा विचारांचा वेग मंदावलेली माणसं वेळ काढायला प्रश्न पुन्हा म्हणतात आणि मग उत्तर देतात. म्हणून प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प राहा. मनातल्या मनात दहा मोजा, कारण आपण सहसा दोन सेकंदांतच पुन्हा विचारतो आणि त्यांचं येऊ घातलेलं उत्तर तोडतो. दहा सेकंदांनी उत्तर आलं तर ही नक्कल नव्हे.

आता घरी एकदाच करायचं निरीक्षण. यातून निदान होत नाही, पण डॉक्टरांना नेमकं सांगता येतं. झोप झालेली, पोट भरलेलं आणि कान-डोळे धड असतील अशी वेळ निवडा. श्रवणयंत्र असेल तर ते लावा. हातभर अंतरावर समोरासमोर बसा, टीव्ही बंद, घरात इतर कुणी नको. काहीही न सांगता, गप्पा चालू ठेवून, दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने चार-पाच हालचाली करा: डोकं ठळकपणे खाजवा, नाकाच्या शेंड्याला बोट लावा, दोनदा टाळी वाजवा, दोन्ही हात डोक्यावर ठेवा, एक पाय दुसऱ्यावर टाका. नमस्कार करू नका, हात हलवून निरोप देऊ नका आणि जांभई देऊ नका. नमस्काराला नमस्कार करणं हे संस्कार आहेत, त्यावरून काहीच कळत नाही.

या पहिल्या फेरीत त्यांनी नक्कल केली तरी घाबरू नका. समोर बसलेला माणूस विचित्र काहीतरी करतोय म्हणजे आपणही करायचं असेल, असं धडधाकट माणसालाही वाटू शकतं. खरी गोष्ट दुसऱ्या फेरीत आहे. स्पष्ट सांगा: "आता मी काहीही केलं तरी तुम्ही ते करू नका." मग विचारा, "मी काय सांगितलं?" त्यांनी "करायचं नाही" असं सांगितलं की मिनिटभर दुसरं काही बोला आणि पुन्हा त्याच हालचाली करा. आता थांबले तर एक गोष्ट. "करायचं नाही" हे तोंडाने बरोबर सांगूनही हात उठला, तर ती वेगळी आणि महत्त्वाची गोष्ट. सूचना समजली आहे, लक्षातही आहे, पण ती हाताला आवरू शकत नाही. १९९८मध्ये जपानच्या शिमोमुरा आणि मोरी यांनी नेमका हाच फरक मांडला: सांगितल्यावर थांबणारी नक्कल अल्झायमरमध्येही दिसते, पण मना करूनही चालू राहणारी नक्कल फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाकडे, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग झिजण्याच्या आजाराकडे बोट दाखवते. सूचनाच समजली नसेल, "काय सांगितलं?"ला उत्तरच आलं नसेल, तर निष्कर्ष काढू नका.

हे एकदाच करा, मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण ठेवा आणि विषय संपवा. पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा "बघा, बघा" करून दाखवणं ही त्यांची विटंबना आहे, आणि ती त्यांना कळत असते.

आता उलट बाजू, जिच्याकडे घरच्यांचं लक्षच जात नाही. अल्झायमरमध्ये बरेचदा नक्कल जास्त होत नाही, ती जमेनाशी होते. "मी करतो तसं बोट धरा" म्हटलं की बोटं भलत्याच आकारात जातात, हात ओळखीची खूण करतो पण अनोळखी आकार करू शकत नाही. याला अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात आणि मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाच्या झिजेशी त्याचा संबंध असतो. एकाच माणसात आपोआप होणारी नक्कल आहे आणि सांगितलेली नक्कल जमत नाही, असंही होऊ शकतं. म्हणून "नक्कल करतात" एवढंच सांगून पुरत नाही. न सांगता करतात, की सांगितल्यावर करतात, की सांगूनही जमत नाही, हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

डिप्रेशनचं काय? दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं झटकून टाकू नका. तीव्र नैराश्यातही अशी नक्कल आणि वस्तू वापरणं दिसतं, हे लेर्मित यांनीच पुढे १९९३मध्ये नोंदवलं, आणि नैराश्य बरं झालं की ती जाते. तिथे फ्रंटल लोब झिजलेला नसतो, त्याचं काम तात्पुरतं मंदावलेलं असतं. फरक ओळखायला काही खुणा मदत करतात. नैराश्याची सुरुवात घरच्यांना सहसा महिन्याच्या हिशोबाने सांगता येते, "दिवाळीनंतर" वगैरे. पहाटे तीन-चारला जाग येते, सकाळ सगळ्यात वाईट जाते, भूक आणि वजन उतरतं, "माझं ओझं झालंय" अशी भाषा येते, प्रश्नाला "माहीत नाही" म्हणून सोडून देतात. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात सुरुवात कधी झाली ते नीट सांगता येत नाही, वाईट वाटल्याची तक्रार नसते, गोड खाणं अचानक वाढतं, अनोळखी माणसाशी नको तितकी सलगी होते, दुसऱ्याच्या दुःखाने काही हलत नाही, आणि मला काही झालंय असं त्यांना वाटतच नाही. हा आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, ७१व्या वर्षी तो नसतोच असं नाही. गप्प बसणं दोन्हीकडे आहे, पण नैराश्यातला गप्प माणूस आतून दुखत असतो आणि निरिच्छ झालेल्या माणसाला गप्प बसण्याचं काहीच वाटत नाही. आणि उतारवयात आयुष्यात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य ही कधी कधी डिमेन्शियाची पहिली पायरी असते, त्यामुळे "डिप्रेशन" हे निदान झालं तरी सहा महिन्यांनी स्मृती आणि वागणुकीची तपासणी पुन्हा करून घ्यावी.

नैराश्याबरोबर कधी कधी एक स्थिती येते ती मात्र त्याच दिवशी ओळखायला हवी: कॅटाटोनिया, म्हणजे हालचाल आणि बोलणं गोठल्यासारखं होणं. दुसऱ्याच्या हालचालींची आणि शब्दांची नक्कल ही तिच्या १२ मान्य लक्षणांपैकी २ लक्षणं आहेत, आणि निदानासाठी १२ पैकी ३ पुरतात. सोबत बघायचं ते असं: तासन्‌तास एकाच जागी निश्चल बसणं, बोलणं जवळजवळ बंद, तुम्ही त्यांचा हात वर करून सोडला तर तो तसाच हवेत राहणं, तोंड घट्ट मिटून घास नाकारणं. असा माणूस पाणी पीत नाही, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, लघवी अडू शकते. घरी वाट बघू नका. रुग्णालयात लोराझेपॅमचं इंजेक्शन, साधारण १ ते २ मिलिग्रॅम, देखरेखीखाली देऊन पाहतात. कित्येकदा काही मिनिटांत माणूस बोलू लागतो. नाही जमलं तर विद्युत उपचार, म्हणजे ईसीटी, यावर फार चांगले लागू पडतात. ईसीटीला "शॉक" म्हणून नाही म्हणणाऱ्या घरांना कळकळीने सांगावंसं वाटतं की इथे नकाराची किंमत जीव असू शकते. मात्र कॅटाटोनिया न ओळखता आक्रमकपणा किंवा भ्रमासाठीची जोरदार औषधं दिली तर ताप, अंग ताठणं आणि जिवाला धोका उद्भवू शकतो. म्हणून "हात वर राहतो" हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हे सगळं दोन-चार दिवसांत अचानक सुरू झालं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं: ताप, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, सोडियम उतरणं, नवी झोपेची गोळी, कंपासाठी दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत मोरीत पडले असतील, डोक्याला साधा मार लागला असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. ते शस्त्रक्रियेने काढता येतं. म्हणून मेंदूचा किमान सीटी स्कॅन टाळू नका. शक्य असेल तर एमआरआय.

रक्ताच्या तपासण्यांत बी-१२ (शाकाहारी घरांत तर हमखास), थायरॉइड, सोडियम, साखर, क्रिएटिनिन, कॅल्शियम. डॉक्टर बहुधा फ्रंटल असेसमेंट बॅटरी ही छोटी चाचणी घेतील. तिच्यात ६ भाग आणि १८ गुण असतात. त्यात मूठ, हाताची कड, पंजा असा क्रम पुन्हा पुन्हा करायला लावतात, आणि शेवटी डॉक्टर काही न बोलता तळव्याला स्पर्श करून बघतात की रुग्ण हात पकडतो का. एका अक्षराने सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगायचा भाग कमी शिकलेल्यांवर अन्याय करतो. चौथी शिकलेल्या माणसाचे गुण पदवीधराशी ताडून पाहू नयेत. "फक्त तीन टाळ्या वाजवा" सांगितल्यावर टाळ्या थांबतच नसतील, नजर वर-खाली फिरवायला त्रास होत असेल आणि मागच्या मागे पडत असतील, तर पीएसपी या, नजर आणि तोल बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजाराचा विचार होतो. हेही सांगा.

औषधांबद्दल एवढंच: नक्कल थांबवणारी गोळी नाही. नैराश्याची गोळी चालू केली तर वृद्धांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत सोडियम तपासून घ्या, ते उतरून नवाच गोंधळ होतो. अल्झायमरसाठीचं डोनेपेझिल फ्रंटोटेम्पोरल प्रकारात उपयोगी पडत नाही, उलट चिडचिड वाढू शकते. म्हणून आधी प्रकार ठरू द्या.

टोकायचं का? नाही. "करू नका" म्हटल्याने नक्कल थांबत नसेल तर दर वेळच्या टोकण्याने फक्त अपमान होतो. त्याऐवजी तुम्ही तुमची हालचाल थांबवा किंवा त्यांच्या हाती काही द्या. दुसरं काम हाती आलं की नक्कल बहुधा सुटते. सोलायला वाटाणे, घड्या घालायला रुमाल.

आणि हीच गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. ज्याच्या हाताला शब्द आवरू शकत नाहीत, त्याच्या हाताला समोरचं दृश्य चालवतं. दात घासण्याचं उदाहरण घ्या. "बाबा, दात घासा" असं पाच वेळा सांगण्यापेक्षा दोन ब्रश घ्या, दोन्हींवर वाटाण्याएवढी पेस्ट लावा. समोर उभं न राहता शेजारी उभे राहा, म्हणजे दोघांचे चेहरे आरशात दिसतील आणि डावं-उजवं उलटं होणार नाही. एक शब्दही न बोलता तुम्ही घासायला लागा. त्यांनी ब्रश हातात धरून नुसतं बघितलं तर त्यांच्या कोपराला हलका आधार देऊन ब्रश तोंडापर्यंत न्या आणि सोडा. सुरुवात मिळाली की पुढचं बरेचदा हात स्वतः करतो. तेही जमलं नाही तर त्यांच्या हातावर तुमचा हात ठेवून दोघांनी मिळून घासा. चूळ आधी तुम्ही भरा आणि ठळकपणे थुंका, नाहीतर ते पेस्ट गिळतात. फसतं ते बहुतेक तीन कारणांनी: दाखवणं आणि बोलणं एकाच वेळी चालू असतं, हालचाल फार भरभर केलेली असते, किंवा मागे दुसरं कुणीतरी वावरत असतं आणि ते त्याचीच नक्कल करू लागतात. आरशातल्या स्वतःला परका समजून घाबरत असतील तर आरसा झाका आणि समोरासमोर उभे राहा.

जेवणात हेच. त्यांना भरवत बसू नका, समोर तुमचं ताट घेऊन बसा आणि सावकाश जेवा. त्यांच्या पुढे एका वेळी एकच पदार्थ, एकच चमचा. दुसऱ्याच्या ताटात हात घालत असतील तर ताटं लांब ठेवा. तुम्ही घाईने जेवलात तर तेही घाईने जेवतील आणि ठसका लागेल. खोकत खोकत जेवत असतील तर गिळण्याची तपासणी करून घ्या. अंघोळीत पहिला तांब्या आपल्या पायावर ओतून दाखवा. सदऱ्याचं वरचं बटण आधी तुमचं लावा.

प्रश्न विचारणं कमी करा. "चहा घेणार का?" ऐवजी कप समोर धरून "चहा" म्हणा. दोन वस्तू दाखवून हात कुठे जातो ते बघा. मात्र "हो" या उत्तरावर विसंबू नका, तोही प्रतिध्वनी असू शकतो. दुखतंय का हे विचारून कळत नसेल तर चेहरा आवळणं, अंग चोरणं यांवरून ओळखावं लागेल. बँकेच्या कागदावर सही घ्यायला आलेल्या नातेवाइकाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. समोरचा सहीची खूण करेल तशी सही होईल.

धोके घराबाहेर जास्त आहेत. पुढचा माणूस रस्ता ओलांडतो म्हणून ते ओलांडतील, एसटीतून शेजारचा उतरला म्हणून उतरतील. एकटं पाठवू नका, खिशात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी ठेवा. घरात गॅसचा मुख्य नॉब बंद, काडेपेटी, कात्री, दाढीचं ब्लेड आणि गोळ्यांचा डबा नजरेआड. नजरेआड हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण इथे दिसणं हेच निमंत्रण असतं. "हात लावू नका" अशी चिठ्ठी चिकटवून उपयोग नाही.

घरातला ताणही पसरतो. स्टर्म आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये दाखवलं की अल्झायमर आणि त्याच्या आधीच्या अवस्थेत समोरच्याची भावना लागण होण्याचं प्रमाण वाढलेलं असतं. सासूबाई रडवेल्या आवाजात बोलल्या तर घरात दोन माणसं रडवेली होतात. त्यांना आठवड्यातून दोन दुपारी तरी पूर्ण सुटका मिळेल अशी व्यवस्था करा. दमलेल्या सांभाळणाऱ्यांसाठी सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ वर.

तपासणीला जाताना ते दोन मिनिटांचं चित्रण, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि एक कागद न्या. कागदावर चार ओळी पुरेत: पहिला बदल कधी आणि कोणता, मना केल्यावर थांबतात की नाही, झोप-भूक-वजन, पडणं. मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा, कोणत्याही क्रमाने.

नातवाला रागावू नका. त्याला सांगा की आजोबांचा हात तुझ्या हाताकडे बघून चालतो, त्यामुळे जेवताना त्यांच्यासमोर बसून सावकाश घास घेण्याचं काम तुझं. सातवीतला मुलगा हे काम मोठ्या माणसांपेक्षा चांगलं करू शकतो, कारण तो मध्ये मध्ये सूचना देत नाही.